खराटा आठवला, गाडगे विसरलो



आगमनकाळाचे शेवटचे दिवस म्हणजे घरोघरी धावपळ. गोठा उभारायचा, तारा टांगायचा, करंज्या तळायच्या, पोरांना नवे कपडे घ्यायचे. याच धावपळीत २० डिसेंबर हा दिवस येतो आणि निघून जातो. त्या दिवशी १९५६ साली आपल्या वऱ्हाडातील एक थोर पुरुष देवाघरी गेला. आपण त्यांना संत गाडगेबाबा म्हणून ओळखतो. आपल्या पत्रिकेत बहुधा ख्रिस्तसभेच्या संतांची चरित्रे असतात, मग या वेळी गाडगेबाबा कसे, असे कोणी विचारील. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांविषयी जे निवेदन काढले, त्यात त्या धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, असा भाव आहे. आणि न्यायाच्या दिवशी कोणते प्रश्न विचारले जातील हे प्रभू येशूने मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात सांगून ठेवलेच आहे. त्या प्रश्नपत्रिकेत भुकेला, तहानलेला, उघडा, आजारी अशी माणसे आहेत. ती प्रश्नपत्रिका या अक्षरशत्रू माणसाने जन्मभर सोडवली.

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव नावाचे गाव आहे. तेथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झिंगराजी आणि सखुबाई जानोरकर या परीट कुटुंबात डेबूचा जन्म झाला. झिंगराजी वाईट माणूस नव्हते, पण दारूने त्यांना गिळले. डेबू आठ वर्षांचा होण्याच्या सुमारास ते वारले. सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी माहेरी गेली. मामा चंद्रभान यांच्या घरी डेबू गुरे राखू लागला, पुढे नांगर धरू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. पण शेतात त्याच्या तोडीचा गडी मिळत नसे, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

मामाची शेती सावकाराच्या कागदात अडकली. कर्ज फेडत राहायचे, पण फेडल्याचा कागद हाती नाही आणि कागद असला तरी वाचता येत नाही. शेवटी जमीन गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले. घाटंजीच्या वाचकांना ही गोष्ट विस्ताराने सांगायला नको. कापसाच्या या जिल्ह्यात अशी कितीतरी घरे आपण पाहिली आहेत, जिथे कर्ते माणूस गेले आणि मागे विधवा सून, म्हातारे सासू-सासरे आणि रिकामा सातबारा उरला. डेबूने हे सारे वयाच्या विशीच्या आत-बाहेर भोगले. दारूने बाप गेला, कर्जाने मामा गेले. पुढे त्यांच्या कीर्तनात दारू आणि कर्ज काढून केलेले सण हे दोन विषय पुन्हा पुन्हा येत, त्याचे मूळ येथे आहे. १८९२ साली त्यांचे कुंताबाईंशी लग्न झाले. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण द्यायचे होते. डेबूने गोड जेवण घातले. भाऊबंद रुसले, पण त्याने कर्ज काढले नाही.

याच वर्षांत वऱ्हाडात दोन मोठे दुष्काळ पडले, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. जुनी माणसे दुसऱ्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणत. इंग्रज सरकारचे दुष्काळाचे नियम ठरलेले होते. हातपाय धड असतील त्यांना खडी फोडण्याचे, रस्त्याचे काम, आणि जे काम करू शकत नाहीत त्या म्हाताऱ्या, आंधळ्या, पांगळ्या माणसांना फुकट धान्य किंवा गरीबखान्यात जेवण. त्या काळी सरकारने अपंग आणि वृद्धांसाठी केलेला जो काही खर्च होता, तो बहुतेक असा. पण पाऊस पडला की ही व्यवस्था गुंडाळली जाई. दुष्काळ संपला की आंधळ्याला दिसू लागते, अशीच जणू समजूत. डेबू तेव्हा वीस-चोवीस वर्षांचा होता. या काळात त्याच्या मनात काय चालले होते हे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण पुढे त्याने जी माणसे आपली मानली ती नेमकी हीच होती, पाऊस पडल्यावरही जी उपाशी राहतात.

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे डेबूजी घर सोडून निघाले. घरी म्हातारी आई, बायको, मुले. आपल्याला हे खटकते आणि खटकायलाही हवे. आसिसीकर संत फ्रान्सिसनेही बापाचे घर सोडले, पण त्याला मुलेबाळे नव्हती. कुंताबाईंनी जे सोसले त्याचा हिशेब कोणत्याही चरित्रात पुरता मांडलेला मला दिसला नाही. एवढे मात्र खरे की बाबांनी घरच्यांना सोडले तसे नंतर घरच्यांच्या नावाने काही केलेही नाही. याविषयी पुढे सांगतो.

अंगावर नाना रंगांच्या चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात मडक्याचे फुटके खापर. त्या खापरातच ते जेवत, पाणी पीत, उन्हात तेच डोक्यावर पालथे घालत. या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कोणी गोधडेबुवा म्हणत, कोणी चिंधेबुवा. गावात शिरले की कोणाशी न बोलता रस्ता झाडायला सुरुवात. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन. कीर्तनात पोथी नाही, संस्कृत नाही. समोरच्या माणसाला प्रश्न विचारायचा, त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे. देवाला बोकड का कापता, शिवाशिव का पाळता, पोरांना शाळेत का घालत नाही, बायकोला लुगडे कमी किमतीचे घ्या पण शिकल्याशिवाय राहू नका, असा सारा रोकडा मामला.

आता आपल्या विषयाकडे वळू. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन हे तीर्थ आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तेथे जत्रा भरते. घर सोडण्याआधीपासून डेबूजी तेथे जात. चिखलात घसरणाऱ्या यात्रेकरूंना हात देत, घाट झाडत. पुढे त्यांनी लोकांकडून मदत गोळा करून नदीवर पक्का घाट बांधवला. जत्रेत देवळाच्या वाटेवर आंधळे, पांगळे, महारोगी ओळीने बसलेले असत. लोक चालता चालता पैसा फेकत आणि तोंड फिरवत. बाबांनी या माणसांची पंगत बसवायला सुरुवात केली. पत्रावळ मांडून, वाढपी ठेवून, पोटभर. भीक वेगळी आणि पंगत वेगळी, हे ज्याने कधी पंगतीत बसून खाल्ले आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. प्रभूच्या दाखल्यातील यजमानाने मोठ्या जेवणाला रस्त्यावरचे लंगडे-आंधळे बोलावले, ती पंगत वर्षानुवर्षे पौषातल्या रविवारी पूर्णाकाठी बसत होती.

पण एक दिवसाची पंगत सोपी असते. दुसऱ्या दिवशी काय, हा प्रश्न बाबांना लवकरच भेडसावू लागला असावा, कारण त्यांचे पुढचे सारे काम कायमच्या सोयीचे आहे. पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावाने अस्पृश्यांसाठी धर्मशाळा, नाशिकला धर्मशाळा आणि अंधपंगूंसाठी सदावर्त, आळंदी, देहू येथे धर्मशाळा, मूर्तिजापूरला गोरक्षण, मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा. रुग्णाच्या नातेवाइकाची काळजी त्या काळात कोणाला होती? रुग्णाला खाट मिळे, पण त्याची म्हातारी आई किंवा बायको बाहेर फुटपाथवर चूल मांडून बसे. बाबांच्या डोळ्यांनी ती चूल पाहिली. पुढे मुंबईत दादरला त्यांच्या नावाने जी धर्मशाळा झाली तेथे टाटा रुग्णालयात कर्करोगाचे उपचार घेणारे गरीब लोक उतरतात. नागपूरच्या मेडिकलजवळही त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. घाटंजीहून रुग्ण घेऊन नागपूरला गेलेल्यांना निवारा म्हणजे काय असतो ते ठाऊक आहे.

हे सारे उभे करायला पैसा कोठून आला? येथे बाबांची रीत नीट पाहण्यासारखी आहे. रोख रक्कम ते स्वतःजवळ ठेवत नसत. कीर्तनानंतर एखादा व्यापारी देणगी पुढे करी तेव्हा ती थेट त्या बांधकामाच्या कारभाऱ्यांकडे जाई. कोणाकडून चुना, कोणाकडून सागवान, कोणाकडून धान्याची पोती, आणि ज्याच्याकडे काही नाही त्याच्याकडून दिवसभराचे अंगमेहनतीचे काम. इमारत पूर्ण झाली की तिचे विश्वस्त नेमायचे, कागद रीतसर नोंदवायचे आणि आपण पुढच्या गावाला निघायचे. अक्षर न येणाऱ्या या माणसाला कागदाची किंमत पुरती कळली होती. मामाची जमीन कागदामुळेच गेली होती ना! म्हणून आपल्या संस्थांचे कागद त्यांनी पक्के केले. या संस्थांवर आपल्या कुटुंबीयांचा कोणताही हक्क राहणार नाही याची त्यांनी काळजी घेतली. कुंताबाईंनी हजारो लोकांना आसरा देणाऱ्या धर्मशाळांमध्ये सुखाने राहायचे नाही, मूर्तिजापूरला झोपडीत राहायचे. १९२३ साली एकुलता मुलगा गोविंद गेला. ती बातमी बाबांना मिळाली तेव्हा ते कीर्तनात होते आणि त्यांनी कीर्तन चालूच ठेवले, ही हकिकत आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. काहींना हे कठोर वाटेल. मलाही वाटते. पण गरिबांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या कितीतरी संस्था दुसऱ्या पिढीत एखाद्या घराण्याच्या मालकीच्या झालेल्या आपण पाहतो, तेव्हा त्या कठोरपणाचे कारण कळते. झोपडीतली कुंताबाई ही त्या धर्मशाळांच्या पायातला दगड आहे.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. १९५२ साली श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झाले आणि विखुरलेल्या संस्थांना एक घर मिळाले. त्याच वर्षी प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. मिशनने पुढे आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा काढल्या. अशा आश्रमशाळांना शासनाचे अनुदान मिळते, आणि ते योग्यच आहे. पण येथे एक गोष्ट ध्यानात येते. मुलांच्या शाळेला अनुदान मिळते, शिक्षकाचा पगार तिजोरीतून होतो. धर्मशाळेतील रुग्णाच्या नातेवाइकाला, पंगतीतल्या आंधळ्याला, बिछान्याला खिळलेल्या म्हातारीला मात्र दात्याच्या मर्जीवर जगावे लागते. मूल हे उद्याचे नागरिक, म्हणून त्याच्यावर खर्च करायला सगळे तयार. साठ-सत्तरीच्या, काम न होणाऱ्या माणसापासून उद्या काय मिळणार?

आपल्या ख्रिस्तसभेतही हा प्रश्न जुनाच आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीतला पहिला मोठा तंटा आहे, आणि तो कशावरून? रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते यावरून. प्रेषितांनी त्यावर प्रवचन दिले नाही. सात माणसे निवडली आणि वाटपाचे काम त्यांच्याकडे सोपवले. त्यांत स्तेफन होता, जो पुढे पहिला रक्तसाक्षी झाला. म्हणजे आपला पहिला हुतात्मा मुळात अन्नवाटपाचा कारभारी होता.

आणखी एक संत येथे आठवते. फ्रान्समधील जान ज्युगाँ ही मोलकरीण. १८३९ च्या हिवाळ्यात तिने एका आंधळ्या म्हाताऱ्या बाईला घरी आणले, स्वतःचा बिछाना तिला दिला आणि स्वतः माळ्यावर झोपू लागली. मग टोपली घेऊन दारोदार फिरली. त्यातून गरिबांच्या लहान भगिनी हा धर्मभगिनींचा संघ उभा राहिला, जो आज भारतातही वृद्धांची सेवा करतो. तिच्याच संघाने १८६५ साली ठरवले की कायमच्या ठेवींच्या व्याजावर जगायचे नाही, रोजच्या दानावरच जगायचे. २००९ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिला संतपद दिले. तिची टोपली आणि बाबांचे गाडगे ही सख्खी भावंडे शोभतील. पण जानच्या संघात तिच्यामागे शेकडो भगिनी होत्या, टोपली एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली. आपल्या खेड्यातल्या म्हातारीसाठी टोपली कोण फिरवणार?

बाबांच्या नावाचा गौरव शासनाने मोठा केला. २०००-०१ साली महाराष्ट्र सरकारने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. तेव्हाचे ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांनी ते गावोगावी नेले. मंत्री, अधिकारी, शिक्षक सारे हाती खराटा घेऊन रस्त्यावर आले, गावांना बक्षिसे मिळाली. २००५ साली अमरावती विद्यापीठालाही बाबांचे नाव दिले गेले. आपल्या घाटंजीची मुले ज्या विद्यापीठाची पदवी घेतात ते हेच. हे सारे चांगले झाले. पण बाबांच्या दोन हातांपैकी आपण एकच हात पाहिला. खराटा आठवला, गाडगे विसरलो. रस्ता झाडल्यावर बाबा त्याच रस्त्याच्या कडेला बसलेल्या माणसाला जेवायला घालत. ती गोष्ट अभियानाच्या गुणपत्रिकेत बसणारी नव्हती.

खरे तर गाडग्यासाठीही सरकारी कागदावर जागा आहे, आपल्याला ती माहीत नसते इतकेच. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांग व्यक्तींसाठी खर्च करावी असा नियम आहे. आधी हा वाटा तीन टक्के होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर, २०१८ साली तो पाच टक्के झाला. नगर परिषदांनाही असाच नियम लागू आहे. महिला आणि बालकल्याणासाठी ग्रामपंचायतीने दहा टक्के राखायचे असतात. दिव्यांगांच्या या पैशातून चाकाची खुर्ची, कुबड्या, श्रवणयंत्र, औषधोपचाराला मदत, घरात सरकता येईल असा उतार, असे पुष्कळ करता येते.

यातली मेख स्वतःच्या उत्पन्नातील या शब्दांत आहे. दिल्लीहून वित्त आयोगाचा निधी येतो तो यात धरत नाहीत. स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजाराची वसुली, गाळ्यांचे भाडे. समजा एखाद्या लहान गावाची अशी वसुली वर्षाला दोन लाख झाली, तर पाच टक्के म्हणजे दहा हजार. गावात वीस दिव्यांग असतील तर माणशी वर्षाला पाचशे रुपये. महिन्याला बेचाळीस रुपयेसुद्धा नाहीत. आणि वसुली निम्मीच झाली तर तेही निम्मे. आपण घरपट्टी थकवतो तेव्हा आपल्याला वाटते की सरपंचाला चुकवले. प्रत्यक्षात त्या रुपयातले पाच पैसे वस्तीच्या टोकाला बाजेवर पडलेल्या कोणाच्यातरी वाट्याचे असतात. रविवारी दानपेटीत नोट टाकणारा आणि तीन वर्षे घरपट्टी न भरणारा माणूस एकच असू शकतो. मी हे दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवून लिहीत नाही.

शिवाय असा निधी पुष्कळ ठिकाणी मार्च महिना तोंडावर आला की घाईने खर्च होतो. मग सगळ्यांना सारखीच वस्तू वाटली जाते. जो चालू शकत नाही त्याला जी वस्तू मिळते, तीच जो ऐकू शकत नाही त्यालाही. गावात कोण कसल्या अडचणीत आहे याची नीट यादी केलेली असली तर असे होणार नाही. वृद्धांचे तर आणखी कठीण. दिव्यांगांसाठी टक्केवारी ठरलेली आहे, तशी केवळ वृद्ध म्हणून ग्रामपंचायतीत कोणासाठी ठरलेली नाही. त्यांचा आधार म्हणजे राज्याची श्रावणबाळ योजना आणि निराधारांसाठी १९८० सालापासूनची संजय गांधी निराधार अनुदान योजना. तिचे प्रस्ताव तहसील कार्यालयात जातात, कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एकवीस हजार रुपये. दरमहा रक्कम सहाशेची हजार झाली, २०२३ साली पंधराशे झाली. पंधराशे म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. पैसा खात्यात पडतो, हे खरेच मोठे काम आहे. पण ज्या म्हातारीचे बोटाचे ठसे यंत्राला उमटत नाहीत, जिला बँकेपर्यंत चालवत नाही, तिला अंगणात बसवून आंघोळ कोण घालणार, हे त्या पन्नास रुपयांत येत नाही.

ही कामे माणसाने करायची असतात. वृद्धाश्रमांचे चालक हेच सांगतात की इमारतीला देणगीदार मिळतो, कोनशिलेवर नाव घालता येते. पण रोज रात्री अंथरूण बदलणाऱ्या बाईच्या पगाराला देणगीदार मिळत नाही. आपल्या शेजारच्या आर्णी तालुक्यात उमरी पठारला संत दोला महाराज वृद्धाश्रम आहे. पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमटे यांनी उभे केलेले आनंदवन आहे, अमरावतीला दाजीसाहेब पटवर्धनांचे तपोवन आहे. ही सारी या मातीतली कामे. कायद्याने २००७ सालापासून म्हाताऱ्या आईबापांना मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला आहे, उपविभागीय अधिकाऱ्यांकडे तसा अर्ज करता येतो. पण जिचा मुलगाच शेतात फवारणीच्या औषधाची बाटली घेऊन गेला, तिने अर्ज कोणाविरुद्ध करायचा?

बाबांनी सरकारची वाट पाहिली नाही हे खरे. म्हणून काही लोक त्यांचे उदाहरण देऊन म्हणतात की सरकारने यात पडूच नये, समाजाने करावे. मला हे पटत नाही. दातृत्वावर चालणारे घर दात्याचे पीक बुडाले की बुडते, आणि ज्या वर्षी दात्याचे पीक बुडते त्याच वर्षी निराधारांची संख्या वाढते. कापसाच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना हे वेगळे शिकवायला नको. बाबांनी स्वतः हे ओळखले होते, नाहीतर त्यांनी कागद, विश्वस्त आणि मिशन यांचा खटाटोप केला नसता. गाडगे घेऊन फिरायचे ते फिरलेच, पण गाडगे फुटल्यावरही पंगत चालू राहील याची तजवीज केली. आज ती तजवीज करण्याचे सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे ग्रामसभा आणि नगर परिषदेचा अर्थसंकल्प. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला भरते. त्या सभेत दिव्यांगांच्या पाच टक्क्यांचा हिशेब वाचून दाखवा असे कोणीही गावकरी उभा राहून म्हणू शकतो. रागाने म्हणायची गरज नाही. बाबा कीर्तनात प्रश्न विचारत तसा, समोरच्याच्या तोंडून उत्तर निघेल असा विचारावा. आणि विचारण्याआधी आपली घरपट्टी भरलेली असावी.

आपल्या धर्मग्रामातल्या तरुणांनी एवढे केले तरी पुष्कळ आहे की रविवारच्या मिस्सानंतर आपापल्या वस्तीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जावे, कोणाचा निराधारचा अर्ज अडला आहे, कोणाचे दिव्यांग प्रमाणपत्र निघालेले नाही, कोणाचे आधार बँकेशी जोडलेले नाही, हे लिहून आणावे. त्यात जात-धर्म पाहू नये. ऋणमोचनच्या पंगतीत बाबांनी पाहिला नव्हता.

१९५६ साली बाबांची प्रकृती ढासळत चालली. मधुमेह होता, अंग थकले होते, पण फिरणे थांबले नव्हते. नोव्हेंबरमध्ये मुंबईत वांद्र्याला त्यांचे कीर्तन झाले, त्याचे ध्वनिमुद्रण झालेले आहे. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले, त्याचा त्यांना फार मोठा धक्का बसला. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, २० डिसेंबरच्या रात्री, मोटारीतून अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी प्राण सोडला. अमरावतीत जेथे त्यांची समाधी आहे त्या भागाला आज गाडगेनगर म्हणतात. धर्मशाळा विश्वस्तांच्या नावावर होत्या, पंढरपूरची इमारत सोसायटीच्या नावावर होती, बाकीचे मिशनच्या नावावर. बाबांच्या स्वतःच्या नावावर काही नव्हते.